एकात्मतेचा पोशाखी खेळ

राष्ट्रीय एकात्मता शिबिराचा समारोप कोणत्याही गावी पाहा, चित्र एकच. व्यासपीठावर एक मुलगी नऊवारीत, दुसरी कांजीवरमात, एक मुलगा पंजाबी फेट्यात. समोर प्रमुख पाहुणे, शेवटी प्रमाणपत्रे. विविधतेचे दर्शन घडले, असे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात येते. दर्शन घडले खरे. पण सहवास घडला काय?

गांधी-शताब्दीच्या वर्षात, १९६९ साली, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु वर्षाला १२० तासांची नोंद पुरी करणे, एवढाच त्या हेतूचा अर्थ पुढे बहुतेक ठिकाणी उरला. प्राध्यापकीच्या काळात अशी शिबिरे मी पुष्कळ पाहिली. मुले उत्साहाने रस्ता दुरुस्त करीत. तो दलितवस्तीच्या अलीकडेच का थांबतो, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नसे.

आणि शासनाची एकात्मता ती काय? युवकांनी परस्परांचे नृत्य शिकावे, भाषा शिकावी. मात्र विवाह करू म्हटले की पहारा! १३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांसाठी 'समन्वय समिती' नेमली. ओरड होताच 'आंतरजातीय' हा शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' तेवढा ठेवला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांची जाहीर नोटीस आधीच छळाला पुरेशी होती.

पण शासनाला दूषणे देऊन आपली सुटका नाही. १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाचा वारसा आपण सांगतो. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, त्याआधी गावोगावी दौरा काढून लोकांपुढे हाच प्रश्न मांडला. तेथे एकात्मता म्हणजे स्वतःच्याच समाजाशी भांडण होते. आज आपल्या शिबिरांना येतो कोण? बहुधा शिक्षकांची, कारकुनांची आणि (स्पष्टच बोलायचे तर) आपल्याच कार्यकर्त्यांची मुले.

याचे कारण आर्थिक आहे. शुल्क माफ केले की शिबिर सर्वांना खुले झाले, हा आपला भ्रम आहे. भिवंडीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या पोराला जेवण फुकट मिळाले, तरी त्याचा रोज बुडतोच. सवड हीच आपल्या शिबिरांची खरी प्रवेश-फी आहे, आणि ती त्याला परवडत नाही. १९७० व १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्याच भिवंडीत उत्तर प्रदेशचा अन्सारी, तेलंगणचा पद्मशाली आणि आपला मराठी कामगार एकाच मजुरीच्या दराने भरडले जातात. विविधता तेथे रोजची आहे. तिला संघटनेची जोड देण्याचे काम मात्र आपण टाळले आहे.

उन्हाळी शिबिरांची अंदाजपत्रके लवकरच जिल्हा समित्यांपुढे येतील. त्यांत मंडप, ध्वनिक्षेपक आणि स्मरणिका यांच्या आधी बुडीत मजुरीची रक्कम धरा. ती भरून देऊन पैसे उरले नाहीत, तर समारोपाचा सोहळा रद्द करा.