ईदच्या दिवशी आलेला वाचक

बकरी ईद आली की आपल्या लिखाणाकडे अचानक गर्दी वळते. कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिंक टाकतं, ती फेसबुकवर फिरते आणि मुस्लिम मराठी लेखकाचं एक पानही कधी न वाचलेले लोक येतात. बरेचसे दोन ओळींत परततात. त्यांना दोष देणं मला पटत नाही.

आपण सुरुवातीलाच मेहर, इद्दत, खुला असे शब्द टाकून मोकळे होतो. मेहर म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम किंवा वस्तू आणि ती तिच्याच हक्काची, एवढं ओघात सांगितलं तरी वाचक थांबतो. वर्गात मध्येच नवं मूल आलं, तर मागचा धडा आपण दोन वाक्यांत सांगतोच की!

तारीख तर लेखाच्या डोक्यावरच हवी. तिहेरी तलाकवर २०१६ साली लिहिलेलं कुणी आज पुढे ढकललं, तर २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९चा कायदा लेखकाला ठाऊकच नाही, असं वाटतं. मग खाली नुसती भांडणं. तापलेल्या दिवसांत जुना मजकूर ताजा म्हणून फिरला, तर प्रकरण भांडणावरही थांबत नाही.

भडक मथळ्याने माणसं येतात, पण ती चिडलेलीच येतात. मला ती नकोत.

आणि शेवटी दहा लेखांची यादी कशाला? हमीद दलवाईंवरच्या लेखाखाली त्यांच्या ‘इंधन’ कादंबरीवरचा एकच लेख ठेवा.