हातास मानवेल तें

कोणतेंही साधन चांगलें कीं वाईट हें त्याच्या किंमतीवरून ठरत नाहीं. तें ज्याच्या हातीं जावयाचें त्याच्या हातावरून ठरतें. डावखुऱ्या मुलीला घरांतील कात्री कशी छळते हें ज्या मातेनें पाहिलें असेल, तिला हा सिद्धांत समजावून सांगण्याची गरज नाहीं. आम्हांस मात्र तो या मे महिन्याच्या सुटींत नव्यानें शिकावा लागला, आणि तोहि व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरांकडून!

सुटीला जमलेल्या नातवंडांपैकीं एकाजवळ सोनीचें प्लेस्टेशन, दुसऱ्याजवळ मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स आणि तिसरीजवळ निंटेंडोचें स्विच. कोणाचा कंट्रोलर उत्तम, यावरून जेवणाच्या पानावर असा कांहीं वाद माजला कीं आमटी निवून गेली. अखेरीस न्यायदानाचें काम आमच्याकडे आलें. आम्ही या विषयांत केवळ नवशिके. तथापि न्यायासनावर बसावयाचें तर पुरावा तपासलाच पाहिजे, म्हणून आठ दिवस तिन्ही कंट्रोलर हाताळले आणि त्यांची कुळकथाहि वाचून काढली.

ही कुळकथा मोठी मनोरंजक आहे. 1977 सालीं अटारी कंपनीनें जें खेळयंत्र विक्रीस काढलें, त्याच्या कंट्रोलरला एक उभी कांडी आणि एकच तांबडें बटण असे. कांडी उजव्या हातानें फिरवावयाची व बटण डाव्या अंगठ्यानें दाबावयाचें, अशी त्याची मांडणी होती. पुढें 1982 सालीं निंटेंडोला खिशांत मावणारा, मिटतां येणारा एक लहानसा खेळ काढावयाचा होता. त्यावर उभी कांडी बसविणें शक्यच नव्हतें. तेव्हां गुनपेइ योकोइ या त्यांच्या कल्पक कारागिरानें अधिक-चिन्हाच्या आकाराचें एक चपटें बटण योजिलें आणि तें डाव्या अंगठ्याखालीं ठेविलें. दुसऱ्याच वर्षीं तें घरगुती यंत्राच्या कंट्रोलरवर आलें. तेव्हांपासून दिशा दाखविण्याचें काम डाव्या अंगठ्याचें आणि उडी, प्रहार इत्यादि कृति करण्याचें काम उजव्याचें, ही कामाची वांटणी जगभर रूढ झाली. बहुतेकांचा उजवा हात अधिक कुशल असूनहि ती कोणास खटकत नाहीं. संवयीचें सामर्थ्य तें हेंच.

1990 सालीं निंटेंडोनेंच उजवीकडे चौकटच्या आकारांत चार बटणें मांडलीं आणि कंट्रोलरच्या वरच्या कडेला दोन बटणें बसवून रिकाम्या असलेल्या तर्जनींनाहि कामास लाविलें. 1996 मध्यें त्यांनीं तीन मुठींचा एक विचित्र कंट्रोलर काढला. त्याच्या मधल्या मुठीवर अंगठ्यानें हवी तितकी कलवितां येणारी लहान कांडी होती. पुढच्या वर्षीं सोनीनें तशा दोन कांड्या शेजारीं शेजारीं बसविल्या. आज बाजारांत दिसणारे बहुतेक कंट्रोलर याच घराण्यांतले.

आतां मूळ वादाकडे वळूं. सोनीच्या कंट्रोलरवर दोन्ही कांड्या खालच्या बाजूस एका रेषेंत आहेत. म्हणजे अंगठे किंचित् आंत वळवावे लागतात. मायक्रोसॉफ्टनें डावी कांडी वर, जेथें अंगठा आपोआप टेकतो तेथें ठेविली आहे, आणि दिशेचें अधिक-चिन्ह तिच्या खालीं नेलें आहे. निंटेंडोच्या मोठ्या कंट्रोलरचीहि रचना अशीच. ज्या खेळांत अखंड कांडीनेंच चालावयाचें, तेथें ही दुसरी रचना आमच्या अंगठ्यास अधिक मानवली. परंतु जुन्या पद्धतीचे, एका बाजूनें धांवत जावयाचे खेळ खेळतांना अधिक-चिन्हच लागतें, आणि तें सोनीच्या कंट्रोलरवर नेमकें अंगठ्याखालीं सांपडतें. म्हणजे 'आरामशीर कोणता?' या प्रश्नास 'कोणत्या खेळासाठीं?' हा प्रतिप्रश्न करावाच लागतो.

वजन आणि आकार यांचीहि गोष्ट तशीच. प्लेस्टेशनच्या चौथ्या आवृत्तीचा कंट्रोलर सुमारें 210 ग्रॅमचा होता. पांचवीचा सुमारें 280 ग्रॅमचा आहे. सत्तर ग्रॅम म्हणजे मोठ्या माणसास कांहींच नव्हे, परंतु नऊ वर्षांच्या मनगटास तासाभरानें ते जाणवतात. एक्सबॉक्सचा 2001 सालचा पहिला कंट्रोलर तर इतका अवाढव्य होता कीं जपानी ग्राहकांसाठीं दुसरा लहान करावा लागला. आणि गंमत अशी कीं पुढें तो लहानच सर्वत्र रूढ झाला. मोठ्या हातांना लहान वस्तु चालून गेली, लहान हातांना मोठी चालली नाहीं. बिऱ्हाडांत वस्तु घेतांना कोणाचा हात प्रमाण मानावा, यास हें उदाहरण पुरे.

खरा घोंटाळा आहे तो बटणांच्या नांवांचा. निंटेंडोनें 'ए' उजवीकडे आणि 'बी' खालीं ठेविलें. मायक्रोसॉफ्टनें 'ए' खालीं आणि 'बी' उजवीकडे! 'एक्स' आणि 'वाय' यांचीहि अशीच अदलाबदल. सासरीं आलेल्या नव्या सुनेनें माहेरच्या संवयीनें मिठाच्या डब्यासाठीं हात घालावा आणि चमचाभर साखर आमटींत पडावी, तशी एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेलेल्या मुलाची अवस्था होते. दोष ना सुनेचा ना मांडणीचा. हाताची स्मृति डोळ्यांपेक्षां जलद धांवते, एवढेंच.

सोनीनें 1994 सालीं अक्षरांचा मार्गच सोडला व त्रिकोण, गोळा, फुली आणि चौकोन अशीं चिन्हें घेतलीं. तीं योजणारे तेइयू गोतो यांच्या मनांत गोळा म्हणजे होकार व फुली म्हणजे नकार असा अर्थ होता. जपानांत शिक्षक बरोबर उत्तरास गोळा करतात, हें त्याचें मूळ. पण पाश्चात्य देशांतील खेळांत फुली होकाराची ठरली. अखेर 2020 सालीं निघालेल्या पांचव्या आवृत्तीपासून जपानांतहि फुलीच होकाराची झाली. आमच्या शाळांतून चुकलेल्या गणितावर फुली पडते. तीच फुली दाबून आमची मुलें घरीं बिनदिक्कत 'होय' म्हणतात! फुली-गोळ्याच्या खेळांतला वाद एवढा दूरवर जाईल असें कोणास वाटलें होतें?

इतका विचार करून आम्ही निकाल लिहावयास बसणार, तोंच एक घटना घडली आणि आमचा सारा निकाल फिरला.

आमचे वडील बंधु नाना यांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वीं अर्धांगवायूच्या झटक्यानें दुबळा झाला. पत्ते धरवत नाहींत, सोंगट्या टाकवत नाहींत. मुलें खेळत असतां ते आरामखुर्चींतून नुसते पाहत बसत. एके दिवशीं दहा वर्षांची नात त्यांना म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण या ना!" नाना हंसून म्हणाले, "बाळ, ह्याला दोन हात लागतात." तें वाक्य आम्हांस लागलें. आठ दिवस आम्ही तीन कंट्रोलरांची तुलना करीत होतों. पण ती सारी दोन धडधाकट हात गृहीत धरून!

मग शोध सुरू झाला. बटणांचीं कामें आपल्या सोयीनें बदलून घेण्याची व्यवस्था आतां तिन्ही यंत्रांत आहे, हें कळलें. 2018 सालीं मायक्रोसॉफ्टनें अपंग खेळाडूंसाठीं एक निराळाच कंट्रोलर काढला. त्याला दोन मोठीं, तळहातानेंहि दाबतां येणारीं बटणें आहेत, आणि पाठीमागें बाहेरचीं बटणें वा पायानें दाबावयाचे खटके जोडण्यासाठीं छिद्रांची रांग आहे. 2023 सालीं सोनीनेंहि आपल्या परीनें तसाच प्रयत्न केला. परंतु आम्हांस उपयोगीं पडली ती एक साधी सोय. एक्सबॉक्समध्यें 2017 पासून दोन कंट्रोलर जोडून 'हे दोन मिळून एकच' असें यंत्रास सांगतां येतें.

त्याच संध्याकाळीं मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावला. या खेळांत डाव्या अंगठ्याखालच्या कांडीनें मोटार वळते, डाव्या तर्जनीनें ब्रेक लागतो आणि उजव्या तर्जनीनें वेग वाढतो. नानांनीं एक कंट्रोलर मांडीवरच्या उशीवर टेकवून डाव्या हातांत धरिला. दुसरा नातीनें घेतला. पहिल्या वळणावर मोटार कुंपणावर आदळली, दुसऱ्यावर गवतांत गेली. "आजोबा, वळवा ना!" "अग, तूं आधीं वेग कमी कर!" असा गजर घरभर झाला. तिसऱ्या फेरीस दोघांचें सूत जमलें. शेवटून दुसरा क्रमांक आला, तथापि नाना खुर्चींत ताठ बसून म्हणाले, "वेग तुझा, ब्रेक माझा. उद्यां पुन्हां." दोन वर्षांत त्यांच्या तोंडून 'उद्यां' हा शब्द आम्ही इतक्या उत्साहानें ऐकला नव्हता.

असो. निकालाची वाट पाहणाऱ्या नातवंडांस आम्ही सांगितलें कीं, तुमचे तिन्ही कंट्रोलर आपापल्या ठिकाणीं योग्य आहेत, व खटला खर्चासुद्धां काढून टाकला आहे. वाचकांस मात्र दोन शब्द सांगावेसे वाटतात. घरांत असें खेळयंत्र घ्यावयाचें झाल्यास जाहिरात पाहून घेऊं नका. मुलास दुकानांत न्या, कंट्रोलर त्याच्या हातांत द्या, आणि दोन्ही अंगठे न ताणतां सर्व बटणांपर्यंत पोहोंचतात कीं नाहीं तें स्वतः पाहा. आणि घरांत एखादें थकलेलें वा अधू माणूस असेल, तर त्याचाहि हात त्या कंट्रोलरवर एकदां ठेवून पाहा. बटणांचा क्रम बदलतां येतो. आरामखुर्ची पडद्याजवळ ओढतां येते. नुसतें विचारावयाचें मात्र आपण विसरतों. आम्ही विसरलों होतों. नात विसरली नव्हती.