तीन टिंबांच्या आड

नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावतात ना? वाचकहो, मराठीच्या मास्तराने मांडलेला हा संगणकाचा विषय तेवढाच कडू समजा. फराळ पुढे आहेच.

१७३९४ हा आकडा पाहून कुणाचा ऊर भरून येईल? पण डेल्फी नावाच्या प्रोग्रामिंगच्या साधनात १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख याच आकड्याने साठवतात. ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस धरायचा आणि पुढे मोजीत जायचे. लाल रंगाचे तिथले नाव २५५. सौभाग्याच्या कुंकवाचेही तेच!

डेल्फी १९९५ साली बोर्लंड कंपनीने काढले. त्यात खिडक्या, बटणे पडद्यावर मांडता येतात. बटणावर टिचकी मारली की शेजारी तक्ता दिसतो: डावीकडे गुणाचे नाव, उजवीकडे त्याचे मूल्य. तिथे नुसते आकडे दिसले तर मांडणाऱ्याने काय समजावे? म्हणून एक दुभाष्या नेमलेला असतो. त्याला प्रॉपर्टी एडिटर म्हणतात. (जावाने १९९७ साली आणि डॉटनेटने २००२ साली अशीच सोय केली.)

रंग, तारीख यांचे दुभाषे तयार मिळतात. पण तुम्ही स्वतः दिनदर्शिका घडवलीत आणि तिला ‘सुट्टीचे वार’ हा गुण दिलात, तर दुभाष्याही तुम्हीच घडवायचा. समजा, रविवारचा १, सोमवारचे २, मंगळवारचे ४, असे दुप्पट करीत शनिवारचे ६४ धरले. शनिवार-रविवार सुट्टी म्हणजे ६५.

दुभाष्याची कामे ठरलेली. ‘गेटव्हॅल्यू’ने ६५ चे ‘रवि, शनि’ करून दाखवायचे. ‘सेटव्हॅल्यू’ने टाइप केलेल्या शब्दांचा पुन्हा आकडा करायचा. ‘गेटअॅट्रिब्यूट्स’मध्ये तीन टिंबांचे बटण हवे असे सांगायचे. आपण टिंबे देतो ती वाक्य अर्धे सोडताना; इथे टिंबांवर टिचकी मारली की ‘एडिट’ची खिडकी उघडते आणि सात वारांपुढे खुणा करून वाक्य पुरे करता येते. शेवटी त्याचे नाव डेल्फीत नोंदवले की झाले.

खरी कसोटी ‘सेटव्हॅल्यू’ची. बोलणे सोपे, ऐकणे अवघड! कुणी ‘शनि, रवि’ असे उलट लिहील, कुणी ‘शनिवार’ असे पुरे लिहील. ते खुशाल चालवून घ्यावे. पण नुसते ‘र, श’ आले तर अंदाज बांधू नये. चूक दाखवून जुनेच मूल्य ठेवावे. कित्येक जण कंटाळून तिथे गुपचूप शून्य भरतात. शून्य म्हणजे सुट्टीच नाही!

आणि हा दुभाष्या फक्त कारखान्यात राहतो. तयार प्रोग्रामबरोबर तो गिऱ्हाइकाकडे जात नाही, जातो तो केवळ आकडा. ६५ च्या जागी ६४ गेला, तर कुठल्याशा कचेरीतल्या कारकुनाची रविवारी पाळी लागते, आणि ती का लागली हे तिथे कुणालाच सांगता येत नाही.