मांडलेला डाव

खेळात हरणे ही मोठी आपत्ती नव्हे. परंतु हरण्याच्या भयाने खेळ अर्ध्यावर टाकून उठून जाणे हा लहान दोष नव्हे. आपल्याकडील मुले अशा वागण्याला ‘रडीचा डाव’ म्हणत आली आहेत. आपल्यावर राज्य येताच घरी पळणाऱ्या गड्याला दुसऱ्या दिवशी डावात घेताना सारेच विचारात पडतात. आता मैदान पालटले आहे. बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतही मोबाईल पोहोचला असून, पारावर बसलेला मुलगा दूरच्या शहरातील अनोळखी सोबत्यांबरोबर ऑनलाइन सामना खेळू लागला आहे. मैदान पालटले म्हणून खेळाचा धर्मही पालटतो काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

‘बीजीएमआय’ या खेळात बहुधा चौघांचा संघ असतो. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘डोटा २’ या खेळांत पाच विरुद्ध पाच असा सामना होतो. एकाने डाव सोडला की संघाचे बळ केवळ एकाने घटते असे नाही. प्रत्येकाकडे काही विशिष्ट काम असते, आणि ते करणारा कोणी उरत नाही. ‘बीजीएमआय’मध्ये घायाळ होऊन पडलेल्या गड्याला सोबती वेळेवर पोहोचल्यास पुन्हा उभे करता येते; पण सोबतीच निघून गेला, तर हाक कोणाला मारावयाची? उरलेल्यांचा वेळ वाया जातो, क्रमवारीतील त्यांचे स्थान घसरते, आणि चिडून दुसराही उठतो. जिंकणाऱ्यांनाही अपुऱ्या संघावरील विजयाची गोडी लाभत नाही. म्हणूनच खेळ तयार करणाऱ्यांनी त्यावर दंड ठेवला आहे. ‘डोटा २’मध्ये वारंवार सामना सोडणाऱ्यास वेगळ्या रांगेत बसविले जाते, व ठरावीक सामने जिंकल्यावाचून त्याची तेथून सुटका होत नाही. परंतु दंडाने सोबत्यांचा मोडलेला डाव सांधला जात नाही.

मैदानी खेळांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले आहे. फुटबॉलमध्ये एखाद्या संघात सातांहून कमी खेळाडू उरले तर सामना पुढे चालविता येत नाही. आपल्या कबड्डीची रीत तर अधिक बोधप्रद आहे. तेथे बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो, पण तो संघ सोडून जात नाही. सोबत्यांनी गुण मिळविला की तो पुन्हा उठतो. आजच्या नियमांप्रमाणे मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता त्यांनी चढाई करणाऱ्यास पकडले, तर एक गुण अधिक मिळतो. थोडे उरले तरी टिकून राहणाऱ्यांचा हा सन्मानच नव्हे काय?

अशा टिकून राहण्याचे उदाहरण बीडने पाहिले आहे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे १९ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. २४५ धावांचे लक्ष्य समोर असताना भारताचे ४ गडी ३२ धावांत बाद झाले. अशा वेळी बीडचा सचिन धस आणि कर्णधार उदय सहारन यांनी १७१ धावांची भागीदारी केली. सचिन ९६ धावांवर बाद झाला. परंतु उरलेल्यांनी काम पुरे केले आणि भारत २ गडी राखून विजयी झाला. पुढे अंतिम सामना भारताने गमावला, हेही ध्यानात ठेवावे. टिकून राहणारा नेहमी जिंकतोच असे नाही. पण जो उठून जातो, त्याच्या सोबत्यांच्या हातून जिंकण्याची संधीच हिरावली जाते.

कोणी म्हणेल, ‘हा तर नुसता खेळ, आणि सोबतीही अनोळखी!’ वस्तुतः ओळखीच्या माणसांशी आपण लाजेकाजेनेही नीट वागतो. ज्याला आपले नाव ठाऊक नाही, जो उद्या आपल्याला जाब विचारणार नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, यातच आपल्या सचोटीची खरी पारख होते.

तथापि उठून जाणारा प्रत्येक जण दोषी नव्हे. वीज जाते, नेटवर्क तुटते, घरात कोणी आजारी पडते. सोबती शिवीगाळ करू लागले, तर तेथे थांबण्याचे बंधन कोणावर नाही. या संदर्भात आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे स्मरण होते. दरवर्षी हंगामात त्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पतिपत्नीच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. एक कोयता कमी पडला की तेवढ्या उसाचा भार इतरांवर येतो. उचल घेतलेली असल्यामुळे आजारपणातही त्यांना काम सोडणे कठीण जाते. ही दुःखाची गोष्ट आहे, कौतुकाची नव्हे. खेळणाऱ्या मुलावर मात्र कसलीच उचल नसते. डाव मांडावा की न मांडावा, याचे पूर्ण स्वातंत्र्य त्याला असते. जो शब्द आपण कोणाच्याही सक्तीवाचून दिला, तो पाळण्याची जबाबदारी अधिक मोठी असते.

यास्तव डाव मांडण्यापूर्वीच विचार करावा. अभ्यास राहिला आहे काय, आईने काही काम सांगितले आहे काय, मोबाईलमध्ये पुरेशी बॅटरी आहे काय, हे आधी पाहावे. वेळ नसेल तर खेळावयास बसूच नये. बसल्यावर उठणे भाग पडले, तर सोबत्यांना तसे सांगावे. आणि मागे राहिलेल्यांनीही गेलेल्याची अडचण जाणून न घेता त्याला दूषणे देऊ नयेत. हारजीत दुसऱ्या दिवशी विस्मरणात जाते. पण पडत्या काळात कोण बरोबर राहिला, हे सोबत्यांच्या मनातून जात नाही.