दुसरेही सिझेरियनच कशाला?

पहिले सिझेरियन म्हणून दुसरेही सिझेरियनच, हा शिरस्ता जालन्यात मोडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर तर सबबच उरत नाही. राज्यातले सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मधील २०.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के झाले. प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढतो.

गर्भाशयावर खाली आडवा छेद असलेल्या, नीट पारखून निवडलेल्या दहांपैकी सहा ते आठ जणी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात. मात्र दोनशेत सुमारे एकीचा व्रण उसवतो. म्हणून शहरातल्या मस्तगड भागातल्या गरोदर बाईचे जुने कागद सातव्या महिन्याआधीच तपासा, दोन्ही पर्याय तिला समजावा. रात्री दोन वाजताही भूलतज्ज्ञ, रक्त आणि शस्त्रक्रियागृह सज्ज हवे. ते नसेल तिथे सिझेरियननंतर नैसर्गिक बाळंतपणाचा हा प्रयत्न कोणीही करू नये.