वायर गेली, अर्थिंगचे काय?

परीक्षा आटोपल्या की अनेक घरांत एखादे नवे वाद्य येते. पूर्वी ते बहुधा पेटी किंवा तबला असे. आता पुष्कळदा ते इलेक्ट्रिक गिटार असते. शिलाँग किंवा पणजीत याचे कोणाला नवल वाटणार नाही. परंतु नागपूर, इंदूर, बडोदे येथील सदनिकांमध्येही हा सूर आता परका राहिलेला नाही. गिटारबरोबर ॲम्प्लिफायर येतो आणि दोहोंना जोडणारी लांबलचक केबलही येते. ती बैठकीच्या खोलीत आडवी पसरते. आजी अडखळून पडतील, ही घरातल्यांची पहिली काळजी. आणि त्यातूनच वायरलेस संच घेण्याचा विचार पुढे येतो. विचार योग्यच आहे. मात्र पायात अडकणे हा त्या केबलचा लहान दोष होय. मोठा धोका तिच्यातून वादकाच्या हातापर्यंत पोहोचू शकतो, आणि खरेदीच्या वेळी त्याची चर्चा क्वचितच होते.

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारा आतून एका बारीक वायरने जॅकच्या बाहेरच्या भागाला जोडलेल्या असतात. स्पीकरमधली गुणगुण कमी व्हावी म्हणून ही योजना असते. जॅकपासून केबलच्या जाळीवाटे तारांचा संबंध ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी येतो, आणि सांगाडा प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीशी जोडला जातो. सर्व काही ठीक असताना ही साखळी वादकाचे रक्षणच करते. परंतु तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरवर बसवला, एक्स्टेन्शन बोर्डात तिसरी वायरच नसली किंवा जुन्या इमारतीत अर्थिंग केवळ नावापुरते उरले असले, तर चित्र पालटते. ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड होऊन सांगाड्यात उतरलेला 230 व्होल्टचा वीजदाब वाट न मिळाल्याने गिटारच्या तारांवर जाऊन बसतो. एक हात तारांवर आणि ओठ माइकला, किंवा अनवाणी पाय ओल्या फरशीवर, एवढे निमित्त त्याला पुरते.

ही भीती पोकळ नाही. 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच मृत्युमुखी पडला. मे 1976 मध्ये ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ सदोष अर्थिंगच्या गिटारमुळे विजेचा धक्का बसून वारला, आणि तो कोणत्याही मंचावर नव्हे, इंग्लंडमधील स्वतःच्या घरी गिटार वाजवत होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्लोरिडातील लेकलँड येथे ‘किस’चा एस फ्रेली कठड्याला हात लागताच धक्का बसून कोसळला, सुदैवाने वाचला. त्यानंतर या वाद्यवृंदाने केन शेफर यांनी तयार केलेली वायरलेस यंत्रणा स्वीकारली. वायरलेसचा प्रसार केवळ ऐटीसाठी झाला नाही, हे यावरून ध्यानात यावे.

वायरलेस संचात गिटारला लावलेला ट्रान्समीटर स्वतःच्या बॅटरीवर चालतो. गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यात धातूचा दुवाच उरत नाही. त्यामुळे ॲम्प्लिफायर बिघडला तरी वीज तारांपर्यंत येत नाही. लाभ खरा आहे. पण तो तेवढ्यापुरताच आहे. आवाज वाढवण्यासाठी वादकाने ॲम्प्लिफायरच्या धातूच्या भागाला हात लावला, की जुनाच धोका समोर उभा राहतो. आणि ट्रान्समीटर चार्जरला जोडलेला ठेवूनच सराव सुरू केला, तर एक वायर काढून दुसरी लावली, एवढेच घडते.

म्हणून खर्चाचा क्रम महत्त्वाचा. ज्या घरात अर्थिंगची खात्री नाही तेथे पहिला रुपया गिटारवर नव्हे, विजेच्या पेटीवर खर्च व्हावा. परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हे उत्तर येथे गैरलागू ठरते. एमसीबी अनेक अँपिअरचा अतिरिक्त भार ओळखते. माणसाच्या जिवावर बेतणारा प्रवाह तिच्या हिशेबी क्षुल्लक असतो. आरसीसीबी मात्र गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहते व तफावत दिसताच वीज तोडते. जमाखर्चाशी रोज संबंध येणाऱ्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको! चांगल्या वायरलेस संचापेक्षा ही वस्तू पुष्कळ स्वस्त पडते.

हे झाल्यावर संचाची निवड फारशी अवघड नाही. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात 2005 पासून परवानामुक्त आहे. पण वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचीही तेथेच गर्दी असते. 5.8 गिगाहर्ट्झचे संच तुलनेने निवांत पट्ट्यात चालतात; भिंतींपलीकडे त्यांचा पल्ला कमी पडतो, पण एका खोलीतील सरावाला तो पुरतो. परदेशातून आप्तांनी आणलेला यूएचएफ संच तेथील नियमांप्रमाणे बनलेला असतो. तो येथे चालवणे कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे ठरू शकते. तीन मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे स्पीकरपासून मीटरभर दूर उभे राहण्यासारखे. तो कानाला जाणवत नाही. साध्या ब्लूटूथ हेडफोनवर मात्र बोट आधी आणि सूर मागून, अशी गत होते. गिटारमध्ये बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप असतील, तर त्यांच्याशी जुळणारा ट्रान्समीटरच मागावा. बॉस कंपनीचा डब्ल्यूएल-20एल हा संच अशा गिटारांसाठीच आहे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची अडचण निराळी. घरमालक भिंत फोडून नवे अर्थिंग करू देईलच असे नाही. त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर हा सर्वांत शहाणपणाचा पर्याय होय. बॉसच्या कटाना-एअरमध्ये वायरलेस रिसीव्हर अंतर्भूत आहे आणि तो आठ साध्या पेन्सिल सेलवरही चालतो. तसा चालवताना भिंतीशी कोणताही संबंध राहत नाही. दर काही वर्षांनी बदलीच्या गावी नवे घर शोधणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांच्या मुलांना हा पर्याय विशेष सोयीचा ठरावा. तरीही नव्या घरात सामान लागल्यावर गॅसच्या जोडणीबरोबरच वीजतंत्रज्ञालाही बोलावणे उत्तम, कारण त्याच भिंतीत वॉशिंग मशीन आणि गीझरचेही प्लग लागणार असतात.