बॅटरीचा पाना आणि ट्रॉलीचे नट



या पानावर आम्ही बहुधा लागण, पाणी आणि भाव यांविषयी लिहितो. या खेपेला पान्याविषयी लिहीत आहोत. कुणी म्हणेल, लिहिणाऱ्यांना विषय मिळेना झाला. तसं नव्हे. ट्रॉलीच्या चाकाचे नट आवळणं ही गोष्ट वरवर ड्रायव्हरच्या अखत्यारीतली वाटते, पण तिच्यावर ऊसही अवलंबून असतो आणि माणसंही.

गेल्या हंगामातली गोष्ट. जानेवारीतल्या एका रात्री धारूरच्या घाटाच्या अलीकडे आपल्या एका सभासदाच्या भरलेल्या ट्रॉलीचा टायर बसला. ड्रायव्हरनं एल पाना काढला, त्यात पाइप घातला आणि वर उभा राहिला. तीन नट सुटले. चौथा काही निघंना. पाइप निसटला, बोटं सोलली, शिव्या देऊन झाल्या. तेवढ्यात केजकडचा एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्यानं पोत्यातून बॅटरीचा पाना काढला, नटावर गोटी बसवली, तडतड आवाज झाला आणि काही मिनिटांत चाक मोकळं! आमचे सभासद इतके खूष झाले की आठ दिवसांत त्यांनी स्वतःच एक यंत्र घेतलं.

इथवर गोष्ट चांगली. पुढं फेब्रुवारीत त्याच ट्रॉलीच्या चाकाचे दोन स्टड रस्त्यात तुटले. चाक वेडंवाकडं चालायला लागलं तेव्हा कुठं ड्रायव्हरच्या ध्यानात आलं. ट्रॉली रिकामी होती आणि टोळी अगोदरच फडावर उतरली होती, म्हणून निभावलं. टोळीत लेकुरवाळ्या बाया होत्या. ट्रॉलीत माणसं बसवणं नियमात बसत नाही, पण काय घडतं ते बीड जिल्ह्यात कुणी कुणाला सांगायची गरज नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्याच गावांतली माणसं संसार ट्रॉलीवर घालून सांगली-कोल्हापूरला आणि पार कर्नाटकात जातात. त्या चाकाच्या नटावर त्यांचा जीव असतो.

स्टड तुटले कशानं? आमचे सभासद म्हणाले, “आम्ही तर चांगले दाबून आवळले होते, यंत्र पुढं जाईना तोवर.” घोडं नेमकं तिथंच पेंड खातं.

या यंत्राचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. आत मोटर असते, मोटरीपुढं फिरता हातोडा आणि त्याच्यापुढं ऐरण. गोटी ऐरणीला जोडलेली. नट सैल असतो तोवर सगळं सरळ फिरतं. नट अडला की हातोडा मागं सरकून पुन्हा ऐरणीवर आदळतो, मिनिटाला शेकडो-हजारो वेळा. जोर असा ठोक्याठोक्यानं नटात जातो, म्हणून धरणाऱ्याच्या मनगटाला त्याचा झटका फारसा कळत नाही. सोय तीच आणि धोकाही तोच! हातानं आवळताना अंगाला कळतं की आता बस्स. इथं ते कळत नाही.

हिशेब करून पाहा. दीड फुटी पान्याच्या टोकावर सत्तर किलोचा गडी उभा राहिला तर नटावर सुमारे ३०० न्यूटन-मीटर पीळ बसतो. मीटरभर पाइपावर उभा राहिला तर जवळपास ७००. बाजारातल्या काही बॅटरीच्या पान्यांच्या खोक्यावर १००० च्या वरचे आकडे असतात. (तो मोठा आकडा बहुतेकदा नट सोडवण्याचा असतो, आवळण्याचा कमी असतो. घेताना दोन्ही विचारा.) एवढा जोर गंजलेल्या, जुन्या स्टडवर घातला की तो रबरासारखा ताणला जातो, आटे खराब होतात आणि मग भरल्या ट्रॉलीखाली कधीतरी तुटतो. उलटही घडतं. बॅटरी उतरली असेल तर ठोके तेवढेच ऐकू येतात, पण नट सैलच राहतो. आवाजावर विश्वास ठेवू नका.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. सोडवायला बॅटरीचा पाना, शेवटचं आवळायला हात. नट पहिले दोन-तीन आटे बोटांनी लावावा. बोटांनी जात नसेल तर आटा वाकडा धरलाय, तिथं यंत्र लावलं की स्टडचं वाटोळं. मग यंत्र सगळ्यात हलक्या वेगावर ठेवून नट नुसते टेकवावेत, तेही समोरासमोरचे, ओळीनं नव्हे. चाक जमिनीवर टेकवून शेवटचा पीळ टॉर्क पान्यानं, ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच. गावात बांधलेल्या ट्रॉलीला पुस्तक नसतं. तिथं ज्यानं अॅक्सल बसवला त्यालाच आकडा विचारून ट्रॉलीवर रंगानं लिहून ठेवावा. पहिली खेप झाली की नट पुन्हा तपासायचे. आट्यांना ग्रीस फासायची आपल्याकडं सवय आहे. ग्रीस लागलं की तेवढ्याच पिळात स्टड जास्त ताणला जातो, तेव्हा तारेच्या ब्रशनं गंज काढणं बरं. आणि ट्रकच्या जुन्या अॅक्सलवर बांधलेली ट्रॉली असेल तर डाव्या बाजूचे आटे उलटे असू शकतात. सोडवतोय समजून आवळत बसू नका.

जॅक लावण्याआधी माणसं खाली उतरवून बाजूला करा, चाकांना दगड लावा आणि नटाची पहिली पकड चाक जमिनीवर असतानाच सोडवा. ठोक्यांनी जॅकवरची ट्रॉली हलते.

गोटीबद्दल एक सांगायचं राहिलं. हातपान्याची चकचकीत गोटी या यंत्राला लावू नये. ती कडक असते, ठोक्यांनी चिरते आणि तुकडा डोळ्यात जातो. यासाठी काळी, जाड गोटी वेगळी मिळते. डोळ्याला चष्मा हवाच, आणि रोज वापरणाऱ्यानं कानात बोळे घालावेत.

आता बॅटरी. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ९० वॅट-तास, काही चाकांचं काम सहज होतं. पण तिला ऊन सोसत नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. पेटीत पडलेल्या बॅटरीचं आयुष्य उन्हाळ्यात झपाट्यानं घटतं. कामावरून गरम आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, निवू द्यावी. हंगाम संपला की पूर्ण भरूनही नको आणि पूर्ण उतरवूनही नको, अर्धी भरून घरात सावलीला ठेवावी. यंत्राच्या जाळीत पाचटाचा भुसा नि धूळ बसते, ती ब्रशनं काढावी. पाण्यानं धुऊ नये. फुगलेली बॅटरी वापरू नका, चुलीत तर मुळीच टाकू नका. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दुकानदाराला ती परत द्या.

हे सगळं वाचून सभासद म्हणतील, एवढं लचांड कोण करणार? खरं आहे. एकेका ट्रॅक्टरवाल्यानं उचल घेऊन असं यंत्र घ्यावं, असं आम्हाला वाटतच नाही. वर्षातले चार-पाच महिने ते चालणार आणि उरलेले महिने पेटीत भाजणार. आमचं म्हणणं असं की प्रत्येक गट ऑफिसला कारखान्यानं एक यंत्र, दोन बॅटऱ्या, काळ्या गोट्यांचा संच आणि एक टॉर्क पाना ठेवावा. यार्डात दोन ठेवावेत. ट्रॉली यार्डातून रिकामी निघताना नट तपासून पाटीवर खूण व्हावी. रस्त्यात फोन आला तर गटाच्या माणसानं मोटारसायकलवर यंत्र घेऊन जावं. तोडलेला ऊस रस्त्यात रात्रभर उभा राहिला की वजनही घटतं आणि उताराही. तो तोटा एकट्या सभासदाचा नसतो.

यावर आक्षेप येणार तो आम्हालाही ठाऊक आहे. सामाईक वस्तू म्हणजे बारभाई कारभार! गावच्या सोसायटीचा फवारणी पंप आठवा. नळी एकाच्या घरी, पट्टा दुसऱ्याच्या आणि टाकीत तिसऱ्याची कोंबडी. पण पंप बिघडला तो सामाईक होता म्हणून नव्हे, कुणाच्याच नावावर नव्हता म्हणून. यंत्र गटातल्या एकाच माणसाच्या नावावर असावं, नेल्याची नि आणल्याची सही वहीत व्हावी आणि त्या माणसाला कामाचा भत्ता मिळावा. फुकटची जबाबदारी कुणी घेत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. तोवर ट्रॉल्या दारात उभ्या आहेत, तर एक करा. प्रत्येक नटाखाली बघा. गंजाची तांबूस रेघ बाहेर ओघळलेली दिसली तर तो नट सैल चालला आहे असं समजून चाक काढा, भोक तपासा आणि स्टड ताणलेला असेल तर बदला. नवा स्टड महाग नाही.